आधी बॉलला विचारा: गोल्फ स्विंगमधल्या चुका शोधायच्या कशा, सुधारायच्या कशा

रविवारची सकाळ, साडेसहाचा सुमार. खारघरच्या डोंगरावर अजून ऊन आलेलं नव्हतं. गोल्फच्या सराव-रेंजवर माझ्या शेजारच्या मॅटवर तिशीतला एक मुलगा सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याची गोल्फची काठी, घेऊन बॉल मारत होता. खांदे आणि मनगटं बघूनच कळत होतं, याने टेनिस बॉल क्रिकेट भरपूर खेळलंय. ताकद होती, नजर चांगली होती, पण दर तिसरा बॉल उजवीकडे वळून कुंपणाच्या दिशेने जात होता. प्रत्येक बॉलनंतर तो काहीतरी नवीन करून बघायचा. कधी कोपर अंगाशी, कधी डोकं खाली, कधी गुडघे जास्त वाकवलेले. बॉलची अर्धी बकेट संपल्यावर त्याने विचारलं, "काका, माझं नक्की चुकतंय काय?"

मी विचारलं, "बॉल निघतो कुठे?"

"उजवीकडे जातो ना."

"जातो कुठे ते दिसतंय. निघतो कुठे?"

त्याला सांगता येईना. पुढचे पाच बॉल त्याने फक्त तेवढंच पाहायचं ठरवलं. पाचही बॉल निशाणाच्या डावीकडे निघाले आणि मग उजवीकडे वळले. एवढं कळल्यावर त्याचा निम्मा गोंधळ मिटला, कारण डावीकडे निघून उजवीकडे वळणाऱ्या बॉलची कारणं मोजकी असतात. कोपर, डोकं आणि गुडघे त्या यादीत फार खाली येतात.

हा लेख त्या मुलासारख्यांसाठी आहे: ठाणे-नवी मुंबईत नोकरी करून आठवड्यातून एक-दोनदा रेंज गाठणाऱ्यांसाठी, ज्यांचा एक फटका सुरेख बसतो आणि पुढचे तीन कुठेही जातात त्यांच्यासाठी. बरीच वर्षं खेळून आणि नवशिक्यांबरोबर उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. स्विंगमधली बहुतेक चूक क्लब (काठी) हलायच्या आधीच झालेली असते, आणि ती शोधायची असेल तर शरीराआधी बॉलकडे बघावं लागतं. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी केलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

पहिली पायरी: दहा बॉल, एक वही

रेंजवर गेल्यावर अंग मोकळं करून घ्या, वेजने, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबने, दहाएक छोटे फटके मारा. मग सात नंबरचं आयर्न घ्या आणि एक निशाण ठरवा. निशाण म्हणजे "समोर कुठेतरी" नव्हे, ठरावीक खांब किंवा झेंडा. आता दहा बॉल मारायचे, मध्ये काहीही सुधारायचं नाही. प्रत्येक बॉलच्या तीन गोष्टी लिहायच्या: निघाला कुठे (डावीकडे, सरळ, उजवीकडे), वळला कुठे, आणि फेसवर, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूवर, लागला कुठे.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एक साधी युक्ती. बॉलच्या मागच्या बाजूला, म्हणजे जिथे क्लब लागणार तिथे, व्हाइटबोर्डच्या मार्करने जाड ठिपका काढायचा. फटका बसला की ठिपका क्लबफेसवर उमटतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबच्या, फेसवर चिमूटभर टाल्कम पावडर पुसली तरी बॉलचा ठसा स्वच्छ दिसतो. हे एकदा करून बघाच. स्विंग बिघडलाय म्हणून महिनाभर हैराण झालेल्या माणसाला पहिल्यांदा दिसतं की आपले आठ बॉल फेसच्या टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला लागताहेत. बॉल फेसच्या मधोमध लागला नाही की ड्रायव्हरचं डोकं किंचित फिरतं आणि बॉलला उलटी फिरकी देतं. त्यामुळे टाचेकडे लागलेला बॉल उजवीकडे फिरतो आणि टोकाकडे लागलेला डावीकडे. अशा माणसाचा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळणारा बॉल, क्लबच्या मार्गामुळे किंवा ग्रिपमुळे (पकडीमुळे) नसून निव्वळ बॉलच्या जवळ उभं राहिल्यामुळेही असू शकतो.

रेंजचे बॉल झिजलेले असतात, म्हणून किती लांब गेला याची नोंद ठेवू नका. आणि पावसाळ्यातल्या नोंदींवर निर्णय घेऊ नका. फेस आणि बॉलच्या मध्ये पाणी आलं की फिरकी कमी होते, एरवी वळणारा बॉल त्या दिवशी सरळ जातो आणि आपल्याला वाटतं सुधारलो.

बॉल काय सांगतो

क्लब आणि बॉलचा संपर्क सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा, साधारण अर्धा मिलीसेकंद असतो. त्या क्षणी दोन गोष्टी महत्त्वाच्या: फेस कुठे बघतोय आणि क्लब कुठल्या दिशेने चाललाय. पूर्वी शिकवायचे की क्लब जिथे चाललाय तिथे बॉल निघतो आणि फेस जिथे बघतोय तिथे वळतो. रडारवर मोजायला लागल्यावर कळलं की हे उलट होतं. बॉल निघण्याची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त. वळण ठरतं ते फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर. मार्गाच्या मानाने फेस उजवीकडे उघडा असेल तर बॉल उजवीकडे वळतो, डावीकडे बंद असेल तर डावीकडे.

आता वही उघडा.

डावीकडे निघून उजवीकडे वळला: क्लब बाहेरून आत (बॉलच्या पलीकडच्या बाजूने आपल्याकडे) येतोय आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा आहे. आपल्याकडे हाच स्लाइस सगळ्यात जास्त दिसतो. उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळला तर फेस निशाणाच्याही मानाने उघडा आहे, तेव्हा आधी ग्रिप तपासा, मार्गाला हात लावू नका. डावीकडे निघून सरळ डावीकडेच गेला तर फेस आणि मार्ग दोन्ही डावीकडे आहेत. गंमत म्हणजे स्लाइस आणि हा फटका सख्खे भाऊ आहेत, मार्ग तोच, फरक फक्त फेसचा. म्हणूनच ज्याचा ड्रायव्हर उजवीकडे वळतो त्याचं वेज डावीकडे जातं. उजवीकडे निघून डावीकडे जोरात वळला तर तो हूक: मार्ग आतून बाहेर जास्त आणि फेस त्याच्या मानाने बंद.

बॉल सरळ निघतो, सरळ जातो, पण क्लब कधी जमिनीत घुसतो तर कधी बॉलच्या डोक्यावर लागतो, असं असेल तर दिशेचं सगळं सोडा. तुमचा प्रश्न क्लब जमिनीला कुठे लागतो हा आहे, त्याचा भाग पुढे येईल.

ग्रिप: इथे घाई करू नका

मी स्वतः दोन वर्षं उजवीकडे वळणाऱ्या बॉलशी झगडलो. ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला ते सगळं केलं. शेवटी एका जुन्या कॅडीने (क्लबची बॅग उचलणाऱ्याने) माझा डावा हात धरून अंगठा अर्ध्या इंचाने उजवीकडे सरकवला आणि म्हणाला, आता मारा. त्या दिवशी बॉल डावीकडे गेला, तरी मला आनंद झाला, कारण दोन वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्या बाजूला गेला होता.

क्रिकेट खेळून आलेल्यांना ग्रिपचा त्रास का होतो ते समजून घेण्यासारखं आहे. बॅटचा मधला भाग हँडलच्या सरळ रेषेत असतो, त्यामुळे बॅट सरळ आणली की फेस सरळच असतो. गोल्फ क्लबचं डोकं मात्र शाफ्टच्या एका बाजूला बाहेर आलेलं असतं. खाली येताना ते टोक मागे रेंगाळतं आणि मनगटांनी फिरवून आणलं नाही तर फेस उघडा राहतो. वर डावा हात, खाली उजवा, ही रचना दोन्हीकडे सारखीच. म्हणून आपण बॅट धरतो तसाच क्लब तळव्यात गच्च धरतो, आणि मनगटं फिरायला जागाच उरत नाही.

डावा हात असा बसवा. क्लबचं डोकं जमिनीवर टेकवा, फेस निशाणाकडे. हँडल तळव्यात आडवं नको. करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत, बोटांवरून तिरकं जाऊ द्या. मग हात मिटा. वरून बघितल्यावर डाव्या हाताचे दोन, फार तर तीन सांधे दिसायला हवेत. एकच दिसत असेल तर ग्रिप दुबळी आहे आणि फेस उघडाच येणार. चार दिसत असतील तर हूकची तयारी झाली. अंगठा हँडलच्या मधोमध नको, किंचित उजवीकडे.

उजवा हातही बोटांत धरा. त्याच्या तळव्यातली अंगठ्याखालची खाच डाव्या अंगठ्यावर अशी बसते की डावा अंगठा जवळपास दिसत नाही. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवायची, तिच्यात अडकवायची की दहाही बोटं हँडलवर ठेवायची, हा सोयीचा प्रश्न आहे, त्यावर वेळ घालवू नका. दोन्ही हातांचे अंगठा आणि तर्जनी मिळून जो इंग्रजी व्ही होतो, त्याची टोकं उजव्या खांद्याकडे आणि हनुवटीच्या उजव्या बाजूकडे असावीत.

पकड किती घट्ट? टूथपेस्टची ट्यूब झाकण न लावता धरली तर पेस्ट बाहेर येणार नाही, इतपत. हे आपल्या हवेत कठीण जातं. मे महिन्यात सकाळी आठला हात घामाने चिकट होतात, क्लब सटकेल या भीतीने माणूस दाबून धरतो आणि सगळा हात खांद्यापर्यंत कडक होतो. म्हणून दोन ग्लोव्ह आलटून-पालटून वापरा, एक वाळत ठेवा, आणि एक कोरडा नॅपकिन बॅगेच्या आत ठेवा, बाहेर लटकवून नव्हे. क्लबच्या रबराच्या ग्रिप महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुन्या टूथब्रशने धुवा. घाम आणि सनस्क्रीनचा थर निघाला की जुन्या ग्रिपसुद्धा पुन्हा धरवतात. एवढं करूनही गुळगुळीत लागल्या तर बदलून घ्या, नवीन ड्रायव्हरपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

नवीन ग्रिप पहिले दोन आठवडे परकी वाटेल. तिची सवय रेंजवर होत नाही, घरी होते. संध्याकाळी बातम्या बघताना क्लब हातात घेऊन बसा, सोडा, परत धरा. रोज वीस वेळा. अमेरिकेचा बेन होगन हूकमुळे हैराण झाला होता. त्याने डावा हात डावीकडे फिरवून ग्रिप दुबळी केली, हूक आटोक्यात आणला, आणि 1953 साली एका वर्षात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. इतक्या मोठ्या खेळाडूलाही हात कुठे ठेवायचे इथूनच दुरुस्ती करावी लागली.

उभं राहणं: घरातल्या लाद्या कामाला येतात

नेम चुकवणं ही दुसरी मोठी चूक, आणि ती स्वतःला कधीच दिसत नाही. स्लाइस मारणारा माणूस बॉल उजवीकडे जातो म्हणून नकळत डावीकडे तोंड करून उभा राहतो. खांदे डावीकडे वळले की क्लब आणखी बाहेरून येतो, आणखी बाहेरून आला की बॉल आणखी वळतो, मग माणूस आणखी डावीकडे उभा राहतो.

आपल्या फ्लॅटमध्ये दोन फुटी लाद्या असतात, त्यांचे सांधे सरळ असतात. एका सांध्यावर बॉल ठेवा, त्याला समांतर जो सांधा आहे त्यालगत बुटांची टोकं ठेवा. मग आरशात बघा, गुडघे, कंबर आणि खांदे त्याच रेषेला समांतर आहेत का. आगगाडीच्या दोन रुळांसारखं चित्र आहे: बॉल बाहेरच्या रुळावर, आपण आतल्या रुळावर. म्हणजे आपले पाय निशाणाकडे नसतात, निशाणाच्या किंचित डावीकडे असतात. हे रोज पाच मिनिटं केलं की रेंजवर रेषा नसतानाही अंगाला कळायला लागतं. रेंजवर दोन अलाइनमेंट स्टिक (रेषा दाखवणाऱ्या सरळ काठ्या) ठेवा. त्या नसतील तर दोन क्लब जमिनीवर ठेवले तरी चालतात.

बॉल कुठे ठेवायचा? वेजला पायांच्या मधोमध. सात नंबरला मधोमध किंवा एक बॉल डावीकडे. ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत. बॉल फार पुढे गेला की तिथे पोचायला खांदे आपोआप डावीकडे उघडतात, आणि स्लाइसचं कारण उभं राहण्यातच तयार होतं. वाकायचं खुब्यातून, पाठ गोल करून नव्हे. हात खांद्यांतून सैल लोंबू द्या. आयर्न धरल्यावर हात आणि मांडी यांच्यात मूठभर जागा, ड्रायव्हरला वीतभर.

अमेरिकेचा जॅक निकलॉस दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला आपल्या लहानपणच्या गुरूकडे, जॅक ग्राउटकडे जाऊन मुळाक्षरांपासून सगळं तपासून घ्यायचा. त्यानेच रूढ केलेली दुसरी सवय आपल्यालाही सहज जमते. बॉलच्या मागे उभं राहून निशाणाच्या रेषेत, दोन-तीन फुटांवर एखादं वाळलेलं पान किंवा गवताचा डाग हेरायचा, आणि फेस त्या डागावर लावायचा. दीडशे यार्डांवरच्या झेंड्यावर नेम धरण्यापेक्षा दोन फुटांवरच्या पानावर धरणं सोपं.

स्लाइस: बाहेरून येणारा क्लब

ग्रिप आणि उभं राहणं नीट केल्यावरही बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल, तर आता मार्गाकडे वळू. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये उजव्या हाताने, खांद्याच्या जोरावर बॉल लेगला उचलायची सवय लागते. तीच सवय गोल्फमध्ये वरून खाली येताना उजवा खांदा आधी पुढे ढकलते. क्लब बॉलच्या बाहेरच्या बाजूने येतो आणि आत ओढला जातो.

"खांदा मागे ठेव" असं स्वतःला सांगून हे सुटत नाही, कारण पाव सेकंदात खांद्याला सांगता येत नाही. अडथळा ठेवावा लागतो. ड्रायव्हरचं कव्हर किंवा बॉलचा रिकामा खोका घ्या. तो बॉलच्या बाहेर, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या बाजूला, आणि चार-पाच इंच मागे ठेवा. बाहेरून येणारा क्लब त्याला लागणारच.

आधी बॉल न ठेवता कंबरेएवढ्या उंचीचे स्विंग, दहा वेळा, खोक्याला न लागता. मग बॉल ठेवून कंबरेएवढेच, पंधरा बॉल. इथे बॉल फार तर साठ-सत्तर यार्ड जाईल, तेवढंच हवंय. तो निशाणावर किंवा किंचित उजवीकडे निघून आत वळायला लागला की छातीपर्यंत वाढवा. पूर्ण स्विंगला त्या दिवशी हात लावला नाही तरी चालेल. बहुतेकांचं इथेच चुकतं, तीन चांगले बॉल गेले की ते पूर्ण ताकदीवर जातात आणि जुना खांदा परत येतो.

जोडीला आणखी एक. उजवा पाय फूटभर मागे घ्या, डावा पाय जागेवर. म्हणजे पाठ थोडी निशाणाकडे वळते आणि क्लबला आतून येण्याशिवाय रस्ताच राहत नाही. या स्थितीत वीस बॉल मारले की आतून येणं म्हणजे काय हे अंगाला समजतं.

जमिनीत घुसणारा आणि बॉलच्या डोक्यावर लागणारा क्लब

हे दोन वेगळे आजार वाटतात, पण कारण बहुधा एकच असतं: स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो. क्लब आधी जमिनीला लागला तर फॅट. जमीन चुकवून वर येताना बॉलच्या वरच्या अर्ध्यावर लागला तर टॉप. आयर्नने मारताना क्लब खाली येत असतानाच आधी बॉलला लागायला हवा, माती नंतर. चांगल्या फटक्यानंतरचा डिव्हॉट, म्हणजे क्लबने उखडलेल्या गवताची खूण, बॉलच्या जागेच्या पुढे असतो.

याचं मूळ मनात आहे. आपल्याला बॉल उचलावासा वाटतो. टेनिस बॉल षटकार मारताना मागच्या पायावर रेलून उचलतात, तसं इथेही वजन उजव्या पायावर राहतं आणि खालचा बिंदू मागे जातो. बॉल वर नेण्याचं काम क्लबच्या उताराचं आहे. सात नंबरला साधारण तीस अंशांच्या आसपास लॉफ्ट (उतार) असतो, तुम्ही खाली मारा, तो वर जातो.

मॅटवर ही चूक लपते. क्लब बॉलच्या दोन इंच मागे लागला तरी मॅटवरून घसरून पुढे जातो, बॉल बरा जातो, आणि कोर्सच्या गवतावर तोच स्विंग बॉल वीस यार्डांत थांबवतो. शिवाय मॅटवर मागे आपटत राहिलं की कोपर दुखायला लागतं. म्हणून मॅटवर एक छोटा नॅपकिन घडी करून बॉलच्या मागे चार-पाच इंचांवर ठेवा. नॅपकिन हलला तर फटका कितीही लांब गेला असला तरी तो चुकलेला धरा.

याहून चांगला सराव मातीच्या मैदानावर होतो. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्कीची एक रेघ मारा, दोन-तीन फूट लांब. रेघ दोन पायांच्या मध्ये येईल असे उभे राहा, तोंड तिच्या समोर. बॉल नको. सात नंबरने अर्धे स्विंग करत रेघेवरून पुढे सरकत जा. दर स्विंगला जमिनीवरची खूण बघा. ती रेघेवर किंवा रेघेच्या डावीकडे, निशाणाच्या बाजूला, सुरू व्हायला हवी. पहिल्या दिवशी खुणा उजवीकडे विखुरलेल्या दिसतील. मग उभं राहतानाच साठ टक्के वजन डाव्या पायावर घ्या आणि ते तिथेच ठेवून स्विंग करा. खुणा पुढे सरकताना डोळ्यांदेखत दिसतात. मला वाटतं, या एका सरावाने जेवढ्या लोकांचा खेळ सुधारलेला मी पाहिलाय, तेवढा दुसऱ्या कशाने नाही. मैदानावर आजूबाजूला मुलं नाहीत ना, हे दर वेळी मागे वळून बघा.

शँक आणि हूक

शँक म्हणजे बॉल फेसला न लागता शाफ्ट जिथे डोक्याला जोडलेला असतो त्या गोल भागाला लागणं. बॉल थेट उजवीकडे, जवळजवळ काटकोनात जातो. वजन पंजांवर गेलं की हात बॉलच्या जवळ येतात आणि हे होतं. उभं राहताना बुटाच्या लेसवर वजन ठेवा. बॉलच्या बाहेर दोन बोटांवर खोका ठेवून तो चुकवत मारा. एकदा शँक आला की माणूस भीतीने मागे सरकतो, हात ताणतो आणि पुन्हा शँक मारतो. त्यापेक्षा वेज घेऊन वीस छोटे फटके मारून परत या.

हूकला ग्रिप दुबळी करून बघा, म्हणजे दिसणारे सांधे तीनवरून दोनवर आणा, आणि बॉल उजवीकडे फार मागे ठेवत नाही ना ते पाहा. हूक मारणाऱ्याचे पाय बऱ्याचदा खाली येताना थांबलेले असतात आणि मनगटं एकटी फिरतात. शेवटी पोट निशाणाकडे आलंय का, उजव्या पायाची टाच उचलली गेलीय का, एवढं तपासा.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात: आयर्नचा खाली मारण्याचा सराव इथे जसाच्या तसा लावू नका. टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीवर, बॉल असा ठेवा की निम्मा बॉल क्लबच्या वर दिसेल, उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली ठेवून उभे राहा, आणि क्लब वर जाता जाता बॉलला लागू द्या. टी जमिनीत रोवलेला राहिला, मोडला नाही, तर बऱ्याचदा फटका बरा बसलेला असतो.

लय

चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये मागे जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळ खाली येऊन बॉलला लागेपर्यंत लागतो. मागे पाऊण सेकंद, खाली पाव सेकंद. उंच असो, ठेंगणा असो, हे प्रमाण फारसं बदलत नाही. आपल्यासारख्यांचा स्विंग वर पोचण्याआधीच खाली यायला लागतो, कारण मारण्याची घाई. तोंडाने "एक-दोन-तीन" म्हणत क्लब मागे न्या आणि "चार" वर बॉल मारा. मोठ्याने म्हणा, शेजारचा बघेल तर बघू दे. दहा बॉलनंतर खांद्यांतला जोर आपोआप कमी होतो.

ताकद सत्तर टक्के ठेवा. सातत्य हवं असेल तर पल्ला किती यापेक्षा दहा बॉल किती रुंदीत पडले हे मोजा. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. मैदानातल्या सगळ्यात कमी लांब मारणाऱ्यांपैकी ती एक होती. सरळ बॉल आणि पटिंग (होलजवळ बॉल हळूच ढकलणं) यांच्या जोरावर ती शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. आपण ड्रायव्हरवर जेवढा वेळ देतो त्याचा निम्मा घरातल्या गालिच्यावर पटिंगला दिला तरी स्कोअरकार्डवर फरक दिसतो.

आठवडा कसा लावायचा

एका वेळी एकच गोष्ट. ग्रिप बदलताय तर तीन-चार आठवडे फक्त ग्रिप. मार्ग, लय, ड्रायव्हर सगळं थांबू दे.

साठ बॉलची बकेट असेल तर पहिले दहा वेजने अंग मोकळं करायला. पुढचे तीस त्या एका गोष्टीवर, खोका किंवा नॅपकिन ठेवून, दर बॉलनंतर ग्रिप सोडून नव्याने धरून. शेवटचे वीस मात्र वेगळे: कोर्सवर असल्यासारखे. ड्रायव्हर, मग सात नंबर, मग वेज, दर बॉलला क्लब आणि निशाण बदलून. बॉलच्या मागे उभं राहायचं, पान हेरायचं, एकदा हवेत स्विंग करायचा, मारायचा. एकाच क्लबने तीस बॉल मारताना हात बसतो, पण कोर्सवर कोणी तोच फटका दुसऱ्यांदा मारू देत नाही. म्हणून हे वीस बॉल गाळू नका. नेमके हेच बॉल घाईत उरकले जातात.

घरी रोज दहा मिनिटं: लाद्यांवर उभं राहणं, ग्रिप, आणि कंबरेपर्यंतचे संथ स्विंग. पूर्ण स्विंग करायचा मोह टाळा. पंख्याच्या पात्याला लागलेला क्लब दुरुस्त होतो, खाली खेळणाऱ्या मुलाला लागलेला नाही.

महिन्यातून एकदा मोबाइलवर व्हिडिओ काढा. एक मागून, निशाणाच्या रेषेत, फोन हातांच्या उंचीवर आणि हातांच्या सरळ मागे. दुसरा समोरून, छातीच्या उंचीवर. फोन फूटभर जरी डावी-उजवीकडे ठेवला तरी बाहेरून येणारा क्लब आतून आल्यासारखा दिसतो, म्हणून जागा दर वेळी तीच ठेवा. कोचकडे जाल तेव्हा हे दोन व्हिडिओ आणि वहीची पानं घेऊन जा. दहा बॉल निघाले कुठे, वळले कुठे, लागले कुठे, हे समोर ठेवलं की तासातली पहिली वीस मिनिटं वाचतात.

कोर्सवर

सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स 2012 मध्ये सुरू झालं तेव्हापासून नवी मुंबईकरांना या खेळासाठी चेंबूरपर्यंत जावं लागत नाही. डोंगरांच्या कुशीतलं हे मैदान. इथे आल्यावर माणूस डोंगराकडे बघून नेम धरतो, जमिनीकडे बघून नाही. उभं राहताना जमिनीचा उतार पायांना जाणवून घ्या. पाय बॉलपेक्षा खाली असतील तर बॉल डावीकडे वळतो, पाय वर असतील तर उजवीकडे. त्या फटक्यावरून आपला स्विंग बिघडला असा निष्कर्ष काढू नका.

आणि कोर्सवर स्विंग दुरुस्त करू नका. पहिल्या दोन होलवर बॉल उजवीकडे वळतोय असं दिसलं तर त्या दिवशी वीस यार्ड डावीकडे नेम धरा आणि तसंच खेळा. लय आणि पकड किती घट्ट आहे एवढंच बघा. वहीत त्या दिवसाचं पान लिहून ठेवा, आणि पुढच्या बकेटचे ते मधले तीस बॉल कशावर घालवायचे ते त्या पानावरून ठरवा.